पत्त्यावरचे शहर

(प्रवासी जहाज एखाद्या बंदरात काही तासच थांबते. तेवढ्या वेळात शहर कसे पाहावे? लेखकाने आपल्या आईबरोबर दुबई शहर बसमधून आणि पायी कसे पाहिले, त्याचे वर्णन या पाठात आहे.)

एकदा नववीच्या वर्गात मी विचारले, "ज्यांच्या घरातले कोणी दुबई, मस्कत, कुवेत किंवा सौदीला आहे, त्यांनी हात वर करा." जवळजवळ अर्ध्या वर्गाने हात वर केले. मग मी दुसरा प्रश्न विचारला, "ते शहर कसे आहे, हे त्यांनी तुम्हांला सांगितले आहे का?" सगळे हात खाली आले. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, मामू सांगतात, खूप गरम असते." वर्ग हसला. मीही हसलो. पण मला तरी दुबईबद्दल यापेक्षा जास्त काय माहीत होते? माझे अब्बा तिथे तेवीस वर्षे होते.

अब्बा १९८० साली मुंबईहून 'द्वारका' नावाच्या आगबोटीने गेले. ती बोट कराची, मस्कत अशी बंदरे घेत आखातात जायची. अब्बांचे तिकीट डेकचे होते, म्हणजे उघड्यावर चटई टाकून झोपायचे. १९८२ मध्ये ती बोट बंद झाली आणि त्यानंतर सगळे विमानाने जाऊ लागले. अब्बा दोन वर्षांतून एकदा घरी येत. बाकीचा काळ पत्रे. अम्मी पत्र उर्दूत लिहायची, पण लिफाफ्यावरचा पत्ता इंग्रजीत लिहावा लागे. तिला इंग्रजी येत नव्हते. अब्बांनी एका कागदावर पत्ता लिहून दिला होता, तो पाहून ती एकेक अक्षर चित्र काढावे तसे काढायची. पोस्ट बॉक्सचा नंबर, मग 'देरा', मग 'दुबई'. हे दोन शब्द तिने किती वेळा काढले असतील, त्याचा हिशेब नाही.

माझे थोरले भाऊ एका प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात काम करतात. त्यांच्या घरच्या माणसांना सवलतीत तिकीट मिळते. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांचे जहाज मुंबईहून मस्कत, तिथून दुबई आणि परत मुंबई असे जाणार होते. अब्बा २०१६ मध्ये गेले. अम्मी एरवी रत्नागिरीलाही जायला कंटाळते, पण भाईंचा फोन आला तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "देऱ्याला उतरता येईल का?"

जहाज सकाळी आठ वाजता दुबईच्या धक्क्याला लागले. संध्याकाळी सहाला ते सुटणार होते आणि प्रवाशांनी साडेपाचच्या आत परत यायचे होते. व्हिसा आम्ही घरूनच काढून ठेवला होता. भाई आमच्याबरोबर येऊ शकले नाहीत. दुपारच्या जेवणाची तयारी चालू होती.

या बंदराचे नाव मीना राशिद. ते १९७२ मध्ये सुरू झाले. बंदरात आमच्यापासून काही अंतरावर एक काळे-पांढरे मोठे जहाज उभे होते. अम्मीने विचारले, "ते कधी सुटणार?" मी म्हणालो, "ते आता कधीच सुटणार नाही." ते 'क्वीन एलिझाबेथ २' हे प्रसिद्ध जहाज. १९६९ पासून २००८ पर्यंत ते जगभर फिरले. आता ते धक्क्याला बांधलेले आहे आणि २०१८ पासून त्यात हॉटेल आहे. अम्मीला ही कल्पना मुळीच आवडली नाही.

बंदराबाहेर पर्यटकांच्या बसगाड्या उभ्या असतात. मुंबईच्या डबलडेकरसारखी दुमजली बस, पण वरचा मजला उघडा. एकदा तिकीट काढले की कोणत्याही थांब्यावर उतरावे, फिरावे आणि मागून येणाऱ्या बसमध्ये पुन्हा चढावे. कानाला लावायला यंत्र देतात, त्यातून माहिती ऐकू येते. तुम्ही कधी गेलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपण सवयीने उजवीकडे पाहून पाऊल टाकतो आणि गाडी डावीकडून येते. मी पहिल्या पाच मिनिटांत दोनदा चुकलो. अम्मीने मला दंडाला धरून मागे ओढले.

बसचे मार्ग मुख्यतः दोन होते. एक उंच इमारती आणि समुद्रकिनारा दाखवणारा, दुसरा जुन्या शहराकडे जाणारा. जहाजातले बहुतेक प्रवासी पहिल्या बसकडे धावले. खरे सांगायचे तर माझेही पाय तिकडेच वळत होते. निघण्यापूर्वी माझ्या वर्गाने बजावले होते, "सर, बुर्ज खलिफाच्या खाली उभे राहून फोटो काढा." दोन्ही मार्ग घाईघाईने करता आले असते, पण अम्मीचे गुडघे दुखतात. घाई तिला जमणारी नव्हती. एकच निवडायचे होते. अम्मी काही बोलली नाही. ती सरळ जाऊन दुसऱ्या बसमध्ये बसली.

वर्गाला हवी असलेली माहिती इथेच देऊन टाकतो. बुर्ज खलिफाची उंची ८२८ मीटर आहे. तिचे काम २००४ मध्ये सुरू झाले आणि ४ जानेवारी २०१० रोजी ती उघडली. ती बांधणारे हजारो मजूर बहुतेक भारत, पाकिस्तान, बांगलादेश अशा देशांतले होते. दुबईत मजुरांच्या राहण्याची एक मोठी वस्ती आहे, तिला लोक सोनापूर म्हणतात. किती गोड नाव! पण जुन्या मुंबईत मराठी माणसे स्मशानाला सोनापूर म्हणत असत, हे कळले की ते नाव वेगळेच वाटू लागते. बसच्या नकाशात ही वस्ती नाही. भर उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास तिथे कायद्याने मनाई आहे. आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो, तरी दहा वाजता बसच्या वरच्या मजल्यावरची लोखंडी दांडी हाताला चटका देत होती. त्यावरून जूनची कल्पना करा.

रस्त्यावरचे फलक अरबी आणि इंग्रजी भाषांत होते. मुलांनो, तुम्ही उर्दू वाचता, म्हणून अरबी फलकही तुम्हांला वाचता येईल. मला फार आनंद झाला. मी मोठ्याने वाचू लागलो, "मीना... सूक... मत्हफ..." अम्मीने विचारले, "म्हणजे काय?" मी गप्प. अक्षरे ओळखीची, अर्थ अनोळखी! पुढे कळले की मीना म्हणजे बंदर, सूक म्हणजे बाजार आणि मत्हफ म्हणजे वस्तुसंग्रहालय. आपण हिंदी आणि मराठी एकाच लिपीत वाचतो, तेव्हा असाच घोटाळा होतो. हिंदीत दुबई, कुवेत यांना 'खाडी देश' म्हणतात. तुमच्यापैकी पुष्कळजण मराठी निबंधातही 'खाडीतील देश' लिहितात आणि मी लाल रेघ ओढतो. उर्दूतल्या 'खलीज'ला मराठीत आखात म्हणतात. मराठीत खाडी म्हणजे समुद्राचे पाणी जमिनीत चिंचोळे शिरते ती जागा, जशी दाभोळची खाडी, बाणकोटची खाडी. म्हणून दुबई हा आखाती प्रदेश आहे आणि त्या शहराच्या मधून एक खाडी जाते. अरबीत तिला खोर म्हणतात.

ही खाडीच या शहराची आई आहे. आजूबाजूला वाळवंट, पाऊस नावापुरता, नदी नाही. पिण्याचे जवळजवळ सगळे पाणी आज समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवतात. मग इथे माणसे राहिली कशी? खाडीमुळे गलबतांना आसरा मिळाला. लोक समुद्रात बुडी मारून मोती काढत आणि त्यातले पुष्कळ मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. जपानने मोत्यांची शेती सुरू केली आणि १९३० नंतर हा धंदा बसला. पुढे गाळाने भरत चाललेली खाडी १९६० च्या सुमारास उपसून खोल केली, तेव्हा मोठी गलबते आत येऊ लागली. दुबईला तेल सापडले १९६६ मध्ये, म्हणजे त्याच्या नंतर.

पैशांची गोष्ट तर आणखी मजेदार आहे. त्या काळी दुबईच्या बाजारात कोणते चलन चालत होते? आपला रुपया! १९५९ मध्ये भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटाही छापल्या. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाची किंमत कमी केली, तेव्हा एका रात्रीत तिथल्या व्यापाऱ्यांच्या पेटीतले पैसे घटले. मग तिथल्या राज्यांनी रुपया सोडला. दिरहम आला तो १९७३ मध्ये. अब्बा दिरहम मिळवून त्याचे रुपये करून पाठवत, आणि त्यांच्या आधीची पिढी तिथे रुपयेच मोजत होती.

आम्ही पहिल्यांदा उतरलो ते फहिदी किल्ल्याजवळ. हा किल्ला १७८७ च्या सुमाराचा. आपले रायगड, सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला तो लहानसा वाडाच वाटेल. त्याच्या जवळ जुन्या घरांची वस्ती आहे. इराणातल्या बस्तक गावाकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी ती वसवली. घरे समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडांची, गल्ल्या अगदी अरुंद. का, सांगा पाहू? दोन्ही भिंतींची सावली पडावी म्हणून. प्रत्येक मोठ्या घरावर एक चौकोनी मनोरा दिसतो. नमाजासाठी बांग द्यायचा तो मनोरा नव्हे. हा वाऱ्याचा मनोरा, अरबीत बारजील. तो चारही बाजूंनी उघडा असतो. वारा कोठूनही येवो, मनोरा तो अडवतो आणि खाली खोलीत सोडतो. वीज नव्हती तेव्हा हाच पंखा. मी एका मनोऱ्याच्या बरोबर खाली उभा राहिलो आणि खरोखर मानेवर गार झुळूक आली. अम्मीला मात्र घराबाहेरच्या ओट्यावर बसण्यात जास्त रस होता. तिने हातातल्या घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाली, "साडेबारा झाले!" तेव्हा तिथे अकरा वाजले होते. दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. अब्बांचे पत्र वाचताना ती प्रत्येक वेळेत दीड तास मिळवायची. म्हणून तिने घड्याळ मागे करायचे नाकारले. "घड्याळ घरचेच राहू दे," म्हणाली.

तिथून खाडी जवळच. खाडीच्या या बाजूला बर दुबई, पलीकडे देरा. बसने वळसा घालून जाता येते, पण आम्ही नावेने गेलो. या लाकडी नावेला अबरा म्हणतात. मधोमध बाक, दोन्ही बाजूंना पाठ लावून माणसे बसतात. भाडे एक दिरहम. आमच्या गावी खाडी ओलांडायला तर असते. मराठीतला 'तर' हा शब्द तुम्ही वाक्याच्या मध्ये वापरता, पण कोकणात तर म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी नाव. अम्मी नावेत अशी बसली की जणू रोज बसते. अब्बांनी पत्रात लिहिले होते, सुट्टीच्या दिवशी मी तरीतून पलीकडे जाऊन येतो, गावची आठवण होते. मला ते पत्र माहीत नव्हते. ते तिने नावेत सांगितले.

देऱ्याला उतरलो की समोरच मसाल्याचा बाजार. अब्बा इथल्याच एका दुकानात कामाला होते. गोण्या उतरवायच्या, माल निवडायचा, तोलायचा. गल्लीच्या तोंडाशी अम्मी थांबली. मला वाटले गुडघा दुखतो आहे. ती म्हणाली, "हा तर त्यांच्या पेटीचा वास." दालचिनी, वाळवलेली लिंबे, लोबान, केशर, सगळे एकत्र. अब्बा सुट्टीवर आले की आम्हां पोरांना पेटीतल्या खेळण्यांची घाई असायची. वास माझ्याही लक्षात होता, पण तो वास कशाचा, हे मी कधी विचारले नव्हते. आम्ही दुकान शोधले. दोन-तीन जणांना विचारले. कोणालाही ठाऊक नव्हते. एका दुकानदाराने प्रेमाने आम्हांला उंटाचे चित्र असलेली किल्लीची साखळी विकायचा प्रयत्न केला. जवळच सोन्याचा बाजार आहे. काचेआड सोन्याचे अंगरखे टांगलेले असतात. ते आम्ही पाच मिनिटांत पाहून संपवले.

आमच्या घरी अब्बांचा १९८५ चा एक फोटो आहे. ते पाण्याच्या काठी उभे आहेत, मागे गलबते आणि त्यामागे पलीकडच्या काठावर वाऱ्याचे मनोरे. तो फोटो मी बरोबर आणला होता. आम्ही काठाकाठाने हळूहळू चालत गेलो. काही गलबते अजूनही तिथे लागतात. फ्रीज, टायर, गाद्या, काय वाटेल ते भरून ती इराणकडे आणि आफ्रिकेकडे जातात. फोटोतले मनोरे आणि समोरचे मनोरे जुळवत एका जागी आम्ही थांबलो. नक्की तीच जागा की वीस पावले पुढे-मागे, कोण सांगणार? मी अम्मीला म्हणालो, "इथे उभी राहा, तसाच फोटो काढतो." ती उभी राहिली. पण कॅमेऱ्याकडे पाहण्याऐवजी ती माझ्या मागे पाहत होती. मी म्हणालो, "अम्मी, इकडे." ती म्हणाली, "थांब जरा. त्यांच्या मागे काय होते ते घरी इतकी वर्षे भिंतीवर पाहिले. त्यांच्या समोर काय होते ते आज पाहते."

मी वळून पाहिले. समोर रस्ता, बसथांबा, जुन्या इमारतींच्या खिडक्यांत वाळत घातलेले कपडे. एका खिडकीत सहा-सात लुंग्या एका ओळीत होत्या.

या सगळ्यात वेळ गेला. परतीच्या बसच्या थांब्यावर पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. बस येईना. पंधरा मिनिटे, अर्धा तास. रस्ता गाड्यांनी तुंबला होता. जहाज कोणासाठी थांबत नाही. बस उशिरा आली हे कारण तिथे चालत नाही. पाच वाजायला दहा मिनिटे असताना मी बसचा नाद सोडला आणि टॅक्सी केली. चालक पेशावरचा निघाला. आमची उर्दू ऐकून तो खूश झाला. खाडीच्या पाण्याखालून जाणारा एक बोगदा आहे, १९७५ चा. त्यातून त्याने आम्हांला नेले. वाटेत दूरवर बुर्ज खलिफाचे टोक दिसले. अम्मीने त्याला विचारले, "बेटा, तू त्याच्यावर चढला आहेस का?" तो म्हणाला, "अम्माजी, अकरा वर्षे झाली. लोकांना सोडायला रोज जातो. खाली गाडी उभी करू देत नाहीत, वर कसा जाऊ?" आम्ही बंदरावर पोहोचलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. अम्मीच्या घड्याळात सहा वाजून पन्नास.

जहाज सुटले तेव्हा अंधार झाला होता. आम्ही डेकवर उभे होतो. शहराचे दिवे एकमेकांत मिसळून गेले होते आणि त्यांतला देरा कुठला, हे मला अम्मीला दाखवता येईना. थोड्या वेळाने भाई भटारखान्यातून पाच मिनिटांसाठी वर आले. अंगावर पांढरा ॲप्रन तसाच होता. अम्मीने पिशवीतून वाळवलेल्या लिंबांची पुडी काढून त्यांच्या हातात दिली. भाईंनी ती उघडून नाकाशी नेली आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी मला विचारले, "बुर्ज खलिफा पाहिला की नाही?"

"लांबून," अम्मी म्हणाली.

स्वाध्याय

१. लेखकाने जुन्या शहराकडे जाणारी बस का निवडली?
२. 'खाडी' आणि 'आखात' या शब्दांतील फरक उदाहरणे देऊन सांगा.
३. वीज नव्हती तेव्हा दुबईतील घरे गार कशी ठेवत असत?
४. अम्मीने घड्याळ मागे का केले नाही?
५. तुमच्या नात्यातील कोणी परगावी किंवा परदेशी नोकरीला असल्यास, 'तुमच्या खोलीच्या खिडकीतून काय दिसते?' असे विचारणारे पत्र त्यांना मराठीत लिहा.